सांगलीत बसून बाहेरचं काम करायचंय? टूल्सच्या खर्चाचं आधी बघा

पुण्यातलं भाडं परवडेना म्हणून, नाहीतर कायमचं घरून काम मिळालं म्हणून सांगलीत येणारी प्रोग्रॅमर मंडळी मला अधूनमधून भेटतात. मी मूळचा अकोल्याचा. बायकोला मिरजेच्या दवाखान्यात नोकरी लागली, तिच्या मागोमाग आलो, आणि आता अकोल्याचे लोकच मला सांगलीवाला म्हणतात. नवीन माणूस खोलीचं भाडं विचारतो, मेस विचारतो, इंटरनेट कुणाचं चांगलं ते विचारतो. टूल्सचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कुणी विचारत नाही. कंपनीत असताना ती लॅपटॉपवर आयती आलेली असतात, त्यांचं बिल कुणीतरी भरतंय हे डोक्यातच येत नाही. स्वतःच्या नावावर काम घेतलं की ते बिल आपल्याकडे येतं. आणि सांगलीत भाडं निम्मं झालं, तरी हे बिल काही निम्मं होत नाही.

खोलीचं थोडक्यात सांगतो. विश्रामबाग, वालचंद कॉलेजची बाजू, नाहीतर मिरज रोड बघा. गावभागात राहायला मजा आहे, सगळं हाताशी, पण नदीही हाताशीच. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जुलै २०२१ मध्येही शहरात पाणी शिरलं. "आमच्याकडे नाही हो येत" असं घरमालक म्हणाले, तरी समोरच्या किराणावाल्याला २०१९ चं विचारा. राउटरला छोटा यूपीएस घ्या. बाकी गाव चांगलं आहे, भडंगाची सवय लागेल तेवढी सांभाळा.

आता मुद्द्याचं. पहिली गोष्ट म्हणजे, सुरुवातीला जवळजवळ काहीच विकत घ्यावं लागत नाही. १९८३ साली बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल हा कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत करून देणारा प्रोग्रॅम, ४९.९५ डॉलरला काढला, तेव्हा तो स्वस्त म्हणून गाजला, कारण बाकीचे कंपायलर शेकडो डॉलरचे होते. १९८७ मध्ये जीसीसी हा फुकटचा कंपायलर आला, आणि हळूहळू कंपायलरला पैसे मोजायचे दिवसच संपले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट फुकट आहे. कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड २०१५ पासून फुकट आहे आणि पैशाच्या कामालाही चालतो. गिटहब या साइटवर खासगी रिपॉझिटरी, म्हणजे इतरांना न दिसणारा कोडचा साठा, ठेवायला पूर्वी पैसे पडायचे; २०१९ मध्ये एकट्या माणसाला आणि २०२० मध्ये टीमलाही ती फुकट झाली. एवढ्यावर वेबचं बहुतेक काम निघतं. कुणी "प्रोफेशनल टूल्स घेतल्याशिवाय क्लायंट मिळत नाही" म्हणालं, तर ऐकून सोडून द्या.

खरी भानगड अर्ध्या फुकट गोष्टींची. तिथं किमतीपेक्षा अट महाग पडते.

जेटब्रेन्स कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वेबस्टॉर्म आणि रायडर ही आपली कोड लिहायची टूल्स बिनव्यावसायिक वापराला मोफत केली. पोरं पहिला शब्द सोडतात आणि 'मोफत' तेवढं वाचतात. शिकायला, हौसेला, ओपन सोर्सला, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडला, चालेल. क्लायंटचं काम केलं की पैसे भरायचे. माझ्या ओळखीचा एक यवतमाळचा मुलगा स्क्रीन शेअर करून क्लायंटला डेमो देत होता. कोड व्यवस्थित चालला. शेवटी क्लायंटने एकच प्रश्न विचारला, "वरती 'नॉन-कमर्शियल युज' लिहिलंय, ते काय आहे?" त्या मुलाला ती पट्टी रोज दिसत होती, पण डोळ्यांना तिची सवय झालेली. काम गेलं नाही, पण पुढचे दोन महिने प्रत्येक फाइलच्या लायसन्सची चौकशी झाली. वालचंदमध्ये असताना कॉलेजच्या ईमेलवर घेतलेलं विद्यार्थी लायसन्सही असंच. ते शिकण्यापुरतं असतं. पास झाल्यावरही मुदत शिल्लक दिसते म्हणून त्यावर फ्रीलान्सिंग करणारे मी पाहिलेत. करू नका.

मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी हा कोड लिहायचा प्रोग्रॅम एकट्या माणसाला पैशाच्या कामालाही फुकट आहे. कंपनी असेल तर मर्यादा आहेत: छोट्या कंपनीत पाचपर्यंत माणसं तो वापरू शकतात, आणि २५० पेक्षा जास्त मशीन किंवा १० लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या मोठ्या कंपनीला तो असा वापरता येत नाही. प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट डब्यात बंद करून कुठेही चालवू देणारा डॉकर डेस्कटॉप तर सगळ्यांनाच फुकट होता. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी २५० माणसं किंवा १ कोटी डॉलर उत्पन्न यांच्या वरच्या कंपन्यांना पैसे लावले. तुम्ही खोलीत एकटे असाल, पण काम मोठ्या कंपनीसाठी करत असाल, तर 'मी तर छोटा आहे' हे चालेलच असं नाही. अशा वेळी लायसन्स त्यांच्याकडूनच मागा. मागताना लाजू नका, त्यांना त्याची सवय असते.

आज फुकट आहे ते उद्याही राहीलच, असंही धरू नका. लिनक्सचा गाभा लिहिणारे लोक कोडच्या नोंदीसाठी बिटकीपर हे एका कंपनीचं टूल फुकट वापरत होते. २००५ मध्ये ती सवलत गेली आणि लिनक्सचा जनक टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. आपण काही गिट लिहिणार नाही. म्हणून दुसरा पर्याय माहीत असलेला बरा.

पैसे द्यायचे कशाला? ज्याने रोजचा वेळ वाचतो अशा एकाच गोष्टीला. जावा किंवा कोटलिन या भाषांतलं मोठं काम रोजचं असेल तर जेटब्रेन्सचंच इंटेलिजे घ्या, खुशाल घ्या. सबस्क्रिप्शन म्हटलं की आमच्या घरमालकांना पटत नाही. हळदीच्या धंद्यातले माणूस, "विकत घेतलंस म्हणतोस, मग दर वर्षी पैसे कसले?" म्हणाले. मी म्हटलं, काका, कोल्ड स्टोरेजचं भाडं कसं, तसं. त्यांनी लगेच विचारलं, भाडं थकलं तर माल देतात का? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर कंपनीगणिक वेगळं. जेटब्रेन्सने २०१५ मध्ये सबस्क्रिप्शन आणलं, तेव्हा लोक भडकले. मग सलग बारा महिने पैसे भरले की त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची, अशी सोय ठेवली. सब्लाइम टेक्स्ट हा एडिटर ९९ डॉलरला मिळतो, तीन वर्षं अपडेट येतात, आणि त्यानंतरही हातातली आवृत्ती चालत राहते. घेण्याआधी काकांचा प्रश्न विचारत जा.

आणखी एक. वैयक्तिक लायसन्स स्वस्त असतं म्हणून ते घ्यायचं आणि बिल कंपनीकडून वसूल करायचं, हे जेटब्रेन्सच्या अटींत बसत नाही. कंपनी पैसे देणार असेल तर लायसन्सही कंपनीच्या नावाने हवं.

एआयची टूल्स मात्र नीट बघा, कारण इथं पैसे थेंबाथेंबाने जातात. कोड सुचवणारा गिटहब कोपायलट २०२२ मध्ये महिना १० डॉलरला आला. डिसेंबर २०२४ पासून मर्यादित वापर फुकटही आहे. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपये धरू. वर्षाचे १२० डॉलर म्हणजे १०,८०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १२,७४४. कार्डाचं परकीय चलन शुल्क ३.५ टक्के असेल, तर त्याचे साधारण ४४६ आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. तेरा हजारांच्या पुढे गेलो. अशी तीन टूल्स एकदम घेतली की विश्रामबागेतलं काही महिन्यांचं भाडं झालं. माझं मत: एका वेळी एकच, आणि वापराप्रमाणे बिल येत असेल तर खर्चाची मर्यादा पहिल्या दिवशीच लावून ठेवा.

पैसे भरण्याची स्वतःची एक कटकट आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक केले. ओटीपीशिवाय कापण्याची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. बाहेरच्या अनेक कंपन्यांचं या व्यवस्थेशी जुळलंच नाही, त्यामुळे कार्डात पैसे असूनही नूतनीकरण अडकतं, आणि अडकतं तेही नेमकं डिलिव्हरीच्या रात्री. ज्याचा उपयोग पक्का झालाय ते वर्षाचं एकदम, ओटीपी टाकून, हाताने भरा. तारीख कॅलेंडरवर लिहा. बाकी सगळं महिन्यावर ठेवा.

ॲप बनवणाऱ्यांनी ॲपलचे वर्षाचे ९९ डॉलर आणि गुगल प्लेचे एकदाचे २५ डॉलर स्वतः भरू नयेत. क्लायंटला त्याच्या नावाने खातं काढायला सांगा आणि स्वतःला त्यात आत घ्यायला लावा. ॲप त्याचं, खातं त्याचं.

क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्स तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, दोनच ओळी. लॅपटॉप दुरुस्त करून देणारा दुकानदार "सगळं टाकून देतो" म्हणतो, त्याला नको म्हणा. तुमच्या मशीनवर क्लायंटच्या सर्व्हरच्या किल्ल्या असतात, आणि क्रॅकबरोबर त्या उचलणारं काहीही येऊ शकतं.

राहिला कर. जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी कंपनीला तुमचा जीएसटी क्रमांक द्या. मग ती कर लावत नाही, तो तुम्ही रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी स्वतः, सरकारला भरता आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजावट, घेता. नोंदणी नसेल तर ते १८ टक्के गेलेच. आयकरात ४४एडीए म्हणून ओळखली जाणारी सोय घेतलीत, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात आणि निम्मी खर्च. मग टूल्सची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. खर्च कमी असणाऱ्याला हे सोयीचं. ज्याचा खरा खर्च निम्म्याहून जास्त आहे त्याने वही ठेवावी. तुम्हाला यातलं काय लागू होतं हे सीएला विचारा, आणि जुलैच्या आधी विचारा. जुलैत ते फोन उचलत नाहीत.