स्पेडफूट टोडचं शास्त्रीय नाव: लिहायचं कसं, बसवायचं कुठे

बडोद्यात दांडिया बाजारात मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. प्रकल्पासाठी वाळवंटातला स्पेडफूट टोड, म्हणजे मातीत उकरून राहणारा बेडूक, निवडला की हमखास एक घोटाळा होतो. फोटो ॲरिझोनातल्या बेडकाचा, नाव ऑस्ट्रेलियातल्या बेडकाचं आणि वर्गीकरण युरोपातल्या बेडकाचं. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. स्पेडफूट (फावड्या पायाचा) हे नाव पडलं पायावरून, आणि माती उकरणारे पाय बेडकांच्या कितीतरी कुलांत आहेत. शास्त्रीय वर्गीकरण मात्र पायावरून होत नाही, वंशावरून होतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अवघड नाही.

तेव्हा आधी तुमचा बेडूक कुठल्या देशातला ते पक्कं करा. अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातला असेल तर बहुधा स्कॅफिओपस कूचिआय, कुल स्कॅफिओपोडिडी. युरोपातला असेल तर पेलोबॅटिस प्रजातीतला (प्रजाती म्हणजे इंग्रजीतलं जीनस, जाती म्हणजे स्पीशीज), कुल पेलोबॅटिडी. जुन्या पुस्तकांत अमेरिकन बेडूकही पेलोबॅटिडीतच घातलेले सापडतील, तिकडे सावध राहा. आणि इंग्रजीत ज्याला नेमकं 'डेझर्ट स्पेडफूट' म्हणतात तो ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रखरखीत भागातला नोटाडेन निकोल्साय. सहाएक सेंटिमीटरचा, गोल गरगरीत, पाठीवर चामखिळींसारखे उंचवटे. मागच्या पायांनी वाळू उकरत उलटा खाली जातो आणि दमदार पाऊस झाला की वर येतो. पुढचं सगळं याच्याच उदाहरणावर सांगते.

नावात 'टोड' आहे म्हणून ब्युफोनिडी कुल लिहून मोकळं होऊ नका. ब्युफोनिडी म्हणजे खरे टोड, आणि ऑस्ट्रेलियात मूळचा असा एकही नाही. तिथे आहे तो केन टोड, आणि तोही उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला १९३५ मध्ये बाहेरून आणलेला.

आता नाव. पूर्ण नाव असं लिहायचं: नोटाडेन निकोल्साय पार्कर, १९४०. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, मग ती एखाद्या माणसाच्या नावावरून असली तरी लहानच. दोन्ही शब्द तिरप्या टायपात. हाताने लिहीत असाल तर दोन्हींखाली वेगवेगळी रेघ. पार्कर आणि साल मात्र सरळ टायपात. एच. डब्ल्यू. पार्कर हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले बेडकांचे अभ्यासक. त्यांनी १९४० मध्ये या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं.

स्पेलिंगला हात लावायचा नाही. निकोल्सायच्या शेवटी एक 'आय' आहे आणि त्याच्याच भाऊबंदाच्या, नोटाडेन बेनेटिआयच्या, शेवटी दोन आहेत. मुलं दोन्ही सारखं करून टाकतात. नाव देणाऱ्याने पहिल्यांदा जसं लिहिलं तसंच ठेवायचं, हा प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे.

नाव देणाऱ्या लेखकाच्या नावाभोवतीच्या कंसाकडे तर कुणी बघतच नाही, आणि मला सगळ्यात आवडतो तो कंस. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येतो तो साधा टोड घ्या: डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस (श्नायडर, १७९९). इथे नाव-साल कंसात, आणि पार्कर, १९४० मात्र कंसाबाहेर. का? श्नायडरने १७९९ मध्ये या टोडला ब्युफो प्रजातीत ठेवलं होतं. २००६ मध्ये त्याची प्रजाती बदलली. नवीन प्रजातीला भारतीय बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांचं नाव दिलं. प्रजाती बदलली की मूळ लेखकाचं नाव कंसात जातं, पण पुसलं जात नाही. नोटाडेन ही प्रजाती ग्युंथरने १८७३ मध्येच केली होती, पार्करने आपला बेडूक सुरुवातीपासून तिच्यातच ठेवला आणि तो अजून तिथेच आहे. म्हणून कंस नाही. कंस शोभेसाठी घालू नका आणि आळसाने गाळूही नका.

प्रजाती बदलली की कधी कधी जातीच्या नावाचं शेपूटही बदलतं. जुन्या पुस्तकातला राना टायगेरिना (पुष्कळदा चुकून टायग्रिना छापलेला) आता होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस आहे. राना स्त्रीलिंगी, होप्लोबॅट्रॅकस पुल्लिंगी, म्हणून विशेषण त्याप्रमाणे फिरलं.

आता उतरंड लावा. सृष्टी ॲनिमॅलिया, संघ कॉर्डाटा, वर्ग ॲम्फिबिया, गण अनुरा. इथपर्यंत जगातल्या सगळ्या बेडकांचं एकच, त्यामुळे यात वेळ घालवू नका. खरी कसोटी कुलाची. पार्करने १९४० च्या ग्रंथात ऑस्ट्रेलियाचे हे बेडूक लेप्टोडॅक्टिलिडी कुलात धरले होते. त्या कुलाचे बाकीचे बेडूक दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. पुढे ऑस्ट्रेलियाचे बेडूक वेगळे काढून मायोबॅट्रॅकिडीत घातले. आणि २००६ च्या मोठ्या फेरमांडणीनंतर, ज्यात डीएनएचा पुरावा मोठ्या प्रमाणावर वापरला होता, नोटाडेनचं कुल लिम्नोडायनॅस्टिडी झालं. बेडूक तोच, नाव तेच, कंसही लागला नाही, पण कुल दोनदा बदललं. तुमच्या हातातल्या पुस्तकात वेगळं कुल दिसलं तर ते खोटं समजू नका, पुस्तकाचं साल बघा.

काही अभ्यासक आजही या गटाला वेगळं कुल न मानता मायोबॅट्रॅकिडीचं उपकुल मानतात आणि लिम्नोडायनॅस्टिनी लिहितात. फरक एका अक्षराचा. प्राण्यांच्या नावात शेवट 'इडी' असेल तर कुल, 'इनी' असेल तर उपकुल. दोन्हीपैकी एक मत धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नका. मी लिम्नोडायनॅस्टिडी लिहायला सांगते.

हे सगळं नुसतं पाठ करण्यापेक्षा एकदा हातात बेडूक घेऊन बघा. बडोद्यात पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की शेताच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर छोटे ढब्बू बेडूक दिसतात. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत एकाला दोन मिनिटं बसवा आणि बरणी वर धरून खालून फोटो काढा. मागच्या पायाच्या तळव्याला, आतल्या बोटाच्या बुडाशी, खुरप्याच्या पात्यासारखा कडक उंचवटा काचेला टेकलेला दिसेल. हा आपला स्फेरोथेका. नोटाडेनच्या पायालाही उकरण्यासाठी असाच उंचवटा असतो, अमेरिकन स्पेडफूटलाही असतो. पण स्फेरोथेकाचं कुल डायक्रोग्लॉसिडी, म्हणजे तो राना टायग्रिना म्हणून शिकलेल्या त्या मोठ्या बेडकाच्या घरातला. कोरड्या मातीत तग धरायचा तर खाली जावं लागतं, म्हणून हे अवजार वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळं घडलं. फोटो झाला की बेडूक होता तिथेच सोडा. टोड हाताळला असेल तर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. कानामागच्या फुगीर ग्रंथींतलं विष झोंबतं.

याच स्फेरोथेकाखाली मुलं डोळे मिटून जातीचं नाव 'ब्रेव्हिसेप्स' लिहितात, पण या प्रजातीत ती एकच जात नाही. पुण्याच्या आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पश्चिम भारतातून स्फेरोथेका पश्चिमा ही वेगळी जात नोंदवली. नुसत्या फोटोवरून जात ठरत नसेल तर 'स्फेरोथेका एसपी.' (एसपी. म्हणजे स्पीशीज, जात ठरलेली नाही) लिहून थांबा. यात 'एसपी.' सरळ टायपात येतं. परीक्षक विचारतील, तेव्हा कारण सांगा. मी अशा उत्तराला पूर्ण गुण देते.

प्रकल्पाचा फलक छापायला देण्याआधी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीची 'ॲम्फिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड' ही ऑनलाइन सूची उघडा. डॅरेल फ्रॉस्ट यांनी उभी केलेली. तिथे जुनं नाव टाकलं तरी आजचं नाव, लेखक, साल, कंस, कुल सगळं मिळतं. तिथून अक्षर न् अक्षर ताडून घ्या आणि फलकाच्या तळाशी सूचीचं नाव व पाहिल्याची तारीख लिहा. पुढच्या वर्षी कुल पुन्हा बदललं तरी तुमचं त्या तारखेचं उत्तर बरोबरच राहील.