फॉस्टर करताय? कळवळ्याच्या भरात होणाऱ्या या चुका टाळा

भाद्रपद-आश्विनात गल्लीतल्या कुत्र्यांची भांडणं वाढली की साधारण 63 दिवसांनी, ऐन थंडीत, पिल्लं दिसायला लागतात. बेळगावच्या अनगोळात बांधकामाच्या वाळूवर, शहापुरात बंद दुकानाच्या पायरीखाली, हिंडलग्याकडे गवताच्या गंजीत. मग पोरं खोकं घेऊन दारात उभी राहतात, "काकू, ह्यांना आईच नाही हो!" कायमचं घर मिळेपर्यंत असा जीव ठेवून घेणं म्हणजे फॉस्टर करणं. निवारा केंद्रात गर्दी झाली की एकाचा रोग दहांना लागतो. घरात तो धोका कमी होतोच, शिवाय पिल्लाला माणसांची, मिक्सरच्या आवाजाची, दारावरच्या बेलची सवय होते आणि असं पिल्लू लवकर दत्तक जातं. पण हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे.

आई नाही असं गृहीत धरणं

पहिली घाई इथेच. कुत्री खायला शोधायला गेलेली असते. पिल्लं उबदार आहेत, पोटं भरलेली आहेत, गप झोपली आहेत, तर ती अनाथ नाहीत. लांब उभं राहून तास-दोन तास वाट बघा. माणसं घोळक्यानं उभी असली तर ती येतही नाही. पिल्लं गार पडलेली, जखमी किंवा रहदारीत असतील तेव्हा मात्र थांबू नका. एरवी आठ आठवडे त्यांची जागा आईजवळ. चावताना किती जोर लावायचा हे ती भावंडांशी खेळतानाच शिकतात. पिल्लं सुटी झाली की आईची नसबंदी करून घ्या, नाहीतर पुढच्या थंडीत तेच खोकं परत दारात येणार.

बशीत दूध ओतणं

सगळ्यात जास्त पिल्लं इथे हातची जातात, म्हणून जरा सविस्तर. नंदिनीच्या पिशवीतलं असो वा गवळ्याचं, कुत्रीच्या दुधाच्या मानानं गाईचं दूध फार पातळ. त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं निम्म्याहूनही कमी, आणि साखर जास्त. परिणाम म्हणजे जुलाब, आणि इवल्या पिल्लाला एका दिवसाचे जुलाबही झेपत नाहीत. औषधाच्या दुकानात पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, मांजरासाठीची वेगळी असते, ती आणा.

त्याआधी पिल्लाच्या पोटाला हात लावून बघा. गार असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. पाजताना तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पोटावर, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला शी-शू आपण होऊन करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. ते काम ओल्या कोमट कापसानं, प्रत्येक पाजणीनंतर, तुम्हाला करायचं आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा. वजन थांबलं किंवा घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू गुटगुटीत दिसतंय हा काही पुरावा नव्हे, जंतांनीही पोट फुगतं.

पहिल्याच दिवशी घरच्या कुत्र्याशी ओळख

नवा पाहुणा 14 दिवस वेगळ्या खोलीत, त्याची भांडी वेगळी, त्याचं झाल्यावर हात-पाय धुऊन मगच घरच्या कुत्र्याजवळ. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लक्षणं तीन ते सात दिवसांनी दिसू लागतात, म्हणजे आज खेळणारं पिल्लू निरोगी असेलच असं नाही. उलट्या आणि दुर्गंधी, रक्ताचे जुलाब दिसले तर दहीभात करत बसू नका, सलाइन लागतं. हा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन् महिने टिकतो. फिनेलवर भरवसा नको, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी वापरा. घरात मांजर असेल तर फिनेल तसंही विषारीच.

औषधांचंही तेच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. अळ्या पडलेल्या जखमेत पेट्रोल ओतणारे अजून भेटतात. त्यानं आतलं मांस जळतं. आणि चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. पिल्लू लहान होतं ही सबब चालत नाही.

मोठ्या कुत्र्याला आल्या आल्या आंघोळ

कॉटखाली शिरून बसलंय? बसू दे, आंघोळ नंतर. पाणी ठेवा, शेजाऱ्यांना बघायला बोलावू नका. दोन-तीन दिवसांत ते आपसूक बाहेर येतं. आपल्या भागात शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली मुधोळची कुत्री हौसेनं आणून नंतर सोडून दिलेली आढळतात. तो शिकारी कुत्रा. पुढून मांजर किंवा कोंबडी पळाली की हाक ऐकू येत नाही, म्हणून पट्टा सोडू नका. त्याच्या शेवटच्या एक-दोन फासळ्या दिसतात, त्याची ठेवणच तशी. हाडं दिसतात म्हणून भाताचा डोंगर वाढू नका.

पहिला फोन आला त्याला देऊन टाकणं

आपल्याकडे जाहिरात फक्त मराठीत किंवा फक्त कन्नडमध्ये टाकली की निम्मी घरं आधीच गळतात. दोन्हीत टाका. वय, लस, नसबंदी आणि स्वभाव लिहा. मुलांवर भुंकतं तर तेही लिहा. लपवलं तर आठवड्यात परत येतं, आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं अवघड जातं.

भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी विचारा. "शेतावर राखणीला पायजे" म्हणणाऱ्याला दिवसभर साखळीला बांधणार का, हे स्पष्ट विचारा. माझं मत विचाराल तर दिवसभर साखळी असेल तिथे देऊ नये. कोल्हापूर-गोव्याहून मागणी आली तर तिकडच्या ओळखीच्या माणसाला घर बघून यायला सांगा. ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर गॅलरीची जाळी, फाटक दाखवायला लावा. मांजर देणार असाल तर जाळी नसलेलं वरच्या मजल्यावरचं घर नको.

देताना लसीचं कार्ड, पुढच्या लसीची तारीख, आठवड्याचं नेहमीचं खाणं आणि त्याचा न धुतलेला टॉवेल सोबत द्या. जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता माझ्याकडेच परत आणायचं, हे कागदावर लिहून सही घ्या. तिसऱ्या दिवशी, पंधरवड्यानं आणि नसबंदीच्या वेळी फोन करा.