फ्रीजरमध्ये जेवण साठवताय? या चुका टाळा

संध्याकाळचे साडेसहा. धाकटा ‘भूक, भूक’ करत पायाला लोंबकळलेला, मोठीचा गृहपाठ टेबलभर पसरलेला आणि माझ्या हातात तांबडट रंगाचा दगड. डब्यावर ना नाव, ना तारीख. टोमॅटो सूप असेल, नाहीतर चिकनचा रस्सा. डबा गरम पाण्याच्या धारेखाली धरल्यावर आतला गोळा सुटला, पण तो पातेल्यात मावेना. अर्धा आत, अर्धा बाहेर. वीस मिनिटांनी खालून करपला होता आणि वरून अजून बर्फच होता. त्या रात्री आम्ही ब्रेडला लोणी लावून खाल्लं.

आदल्या रविवारी चार तास राबून भरलेल्या अकरा डब्यांपैकी हा एक. स्वयंपाक छान झाला होता. घोटाळे झाले ते सगळे गॅस बंद केल्यानंतर. आणि खरं सांगायचं तर लोक नेमकं तेच सांगत नाहीत. पाककृती भरभरून देतात, पुढच्या तीन-चार तासांचं काय करायचं ते गाळतात.

गार करताना होणारा घोटाळा

मोठं पातेलं भरून रस्सा केला, झाकण ठेवलं आणि ‘निवला की भरू’ म्हणून मुलांना झोपवायला गेले. अकरा वाजता येऊन पाहिलं तर कडा गार, मध्ये मात्र चमचा घातला की वाफ. ही सगळ्यात वाईट अवस्था. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि खोलीतच ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एक तासच. ‘नंतर फ्रीजरमध्ये जाणारच आहे ना’ हे इथे कामाला येत नाही. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. बर्फ सुटला की पुन्हा कामाला लागतात.

भाताच्या बाबतीत तर अजिबात ढिलाई नको. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला तर हे जंतू जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

उपाय साधा आहे: पसरा. पातेल्यातलं अन्न परातीत किंवा दोन-तीन उथळ भांड्यांत काढा, थर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. रस्सा असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून मधूनमधून ढवळा. निम्मी वाफ गेली की फ्रीजमध्ये, पूर्ण गार झालं की फ्रीजरमध्ये. वाफाळतं पातेलं थेट फ्रीजरमध्ये कोंबणं ही याची उलटी चूक. शेजारचे गोठलेले डबे त्याने अर्धवट सुटतात आणि पुन्हा गोठताना चव घालवून बसतात.

एका दिवसात फ्रीजर भरणं

रविवारच्या राबण्याचा खरा तोटा कष्टांचा नाही, फ्रीजरच्या ताकदीचा आहे. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांवर असला तरी तो चोवीस तासांत ठरावीकच माल गोठवू शकतो. साठ लिटरच्या कप्प्यात दिवसाला दोन ते तीन किलो नवीन अन्न, त्याहून जास्त नाही. जास्त भरलं की सगळंच हळूहळू गोठतं, आणि हळू गोठलेल्या अन्नात बर्फाचे स्फटिक मोठे होतात. ते भाज्यांच्या, मांसाच्या पेशी फाडतात. बर्फ सुटल्यावर ताटलीत जे पाणी साचतं ते त्या फाटलेल्या पेशींतलं.

क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाला हे १९१२ नंतरच्या काही वर्षांत कॅनडातल्या लॅब्राडॉरला राहताना उमगलं. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडत, ते बघता बघता गोठून जात आणि पुढे कधीही शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्याच निरीक्षणावर पुढे झटपट गोठवण्याचा अख्खा उद्योग उभा राहिला. आपल्याकडे त्याची यंत्रं नाहीत, पण पातळ थर लावता येतो. झिपच्या पिशवीत रस्सा घाला, हवा काढा, ट्रेवर आडवी ठेवून दोन-तीन सेंटिमीटर जाडीची वडी होईल अशी गोठवा. घट्ट झाली की पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. पातेल्यात न मावणारा गोळा त्यानंतर आमच्याकडे झाला नाही.

जे गोठवूच नये

रश्श्यातले बटाट्याचे मोठे तुकडे हमखास फसतात, कणीदार आणि स्पंजासारखे होतात. कुस्करलेला बटाटा मात्र चालतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा चिवट होतो. काकडी, सॅलडची पानं यांचं नुसतं पाणी होतं. दही, क्रीम, मेयोनीज फुटतं, म्हणून क्रीम गरम करताना वरून घाला. कॉर्नफ्लोअरने दाट केलेली ग्रेव्ही पाणी सोडते. तसं झालंच तर टाकून देऊ नका, उकळी आणून जोरात फेटा, नाहीतर मिक्सरमधून एकदा फिरवा. पास्ता दोन मिनिटं कमी शिजवून गोठवा.

कच्च्या भाज्या ठेवायच्या असतील तर आधी उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. हे टाळलं तर भाजीतली विकरं (एन्झाइम्स) गोठलेल्या अवस्थेतही संथपणे काम करत राहतात. रंग आणि चव दोन्ही उतरतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लसूण, लवंग, मिरी गोठल्यावर उग्र आणि थोडी कडवट होतात, मीठ मात्र मवाळ लागतं. मसाला हात राखून घाला, मीठ शेवटी गरम करताना चाखून.

डबे आणि चिठ्ठ्या

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. बरणी काठोकाठ भरली तर काच तडकणार, तीही बहुतेकदा मानेपाशी. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. पिशवीत मात्र उलट: हवा जितकी कमी तितकं बरं. आत हवा राहिली की अन्नातला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन उडतो आणि पृष्ठभागावर करडे, कोरडे चट्टे पडतात. ते अपायकारक नसतात, पण चवीला पुठ्ठा. तेवढा भाग कापून टाका.

नाव, तारीख, किती जणांचं. हे पिशवी भरण्याआधी लिहा, ओल्या पिशवीवर मार्कर उठत नाही. रस्से आणि सूप दोन-तीन महिन्यांत संपवा. त्यानंतरही उणे १८ अंशांवर ते धोक्याचे होत नाहीत, फक्त खावेसे वाटत नाहीत.

कच्च्या साहित्याची पिशवी

सगळं कच्चं एका पिशवीत भरून ठेवायचं आणि सकाळी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर कित्येक तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ओतायचं, ही कल्पना आकर्षक आहे. पण दोन ठिकाणी जपा. गोठलेलं मांस तसंच स्लो कुकरमध्ये टाकू नका, ते फार वेळ कोमट राहतं. आधी फ्रीजमध्ये बर्फ सुटू द्या. आणि कच्चा राजमा त्यात कधीच नको. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात, आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर ते नष्ट होत नाही. राजमा भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच पिशवीत.

बर्फ सोडवताना

सकाळी डबा ओट्यावर काढून ऑफिसला जाणं ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. बाहेरचा थर दुपारपर्यंत खोलीइतका गरम होतो आणि गाभा तसाच गोठलेला. आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा. विसरलात तर घट्ट बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, पाणी दर अर्ध्या तासाने बदला. पातळ वडी तासाभरात सुटते. रस्सा किंवा सूप तर गोठलेलंच पातेल्यात टाकून मंद आचेवर गरम केलं तरी चालतं. मायक्रोवेव्हमध्ये सोडवलं तर लगेच पूर्ण गरम करा. मध्यभागी ७४ अंश व्हायला हवेत, रश्श्याला नीट उकळी आली की झालं. लहान मुलाला देण्याआधी ढवळा आणि स्वतः चाखा, कारण मायक्रोवेव्ह एका कोपऱ्यात चटका आणि दुसऱ्यात बर्फ ठेवतो.

फ्रीजमध्ये सोडवलेलं, बाहेर न राहिलेलं अन्न पुन्हा गोठवलं तर बिघडत नाही, चव थोडी उतरते इतकंच. ओट्यावर सुटलेलं मात्र परत ठेवू नका.

वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद दाराआड साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास. घर बंद करून जाताना एका कपात पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

मुळात किती करायचं

अकरा डब्यांचा रविवार मी पुन्हा केला नाही. आठवड्यातून दोनदा जे काही शिजतंय तेच दुप्पट करते, निम्मं त्या रात्री, निम्मं फ्रीजरला. फ्रीजरला वर्षभर पुरेल इतकं काम त्यातूनच निघतं. नवीन पदार्थाचा आधी एकच छोटा डबा गोठवते. मुलांनी गरम केलेला खाल्ला, तरच पुढच्या वेळी जास्त. मुलांचे भाग वेगळे, वाटीभराचे. चौघांची वडी एकट्या पोरासाठी सोडवावी लागली की उरलेलं दोन दिवस फ्रीजमध्ये आपल्याकडे बघत राहतं.

फ्रीजरच्या दारावर यादी लावली आहे, जे काढलं त्यावर काट. काट मारायचं काम धाकट्याचं. पालक सूपवर त्याने आतापर्यंत तीनदा काट मारली आहे, पिशव्या आत तशाच उभ्या आहेत.