सिंगल-एज रेझर घ्यायचाय? आधी ब्लेड मिळतंय का ते बघा

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी मला रोल्स रेझर मिळाला. चपटी, जड, निकेलची डबी. विकणाऱ्याला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणाला साहेब सिगरेटची पेटी आहे, इंग्रजांच्या जमान्यातली. 800 सांगितले, 350 ला दिली. घरी येऊन उघडली तर दोन्ही बाजूंची झाकणं निघतात, एका झाकणात आतून दगड बसवलेला, दुसऱ्यात चामडं, आणि मधे एक जाड पातं. दांडी धरून पुढे-मागे केलं की ते पातं खटॅक खटॅक करत प्रत्येक टोकाला आपोआप पालटतं, इतका आवाज की बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली काय पाडलं म्हणून. म्हणजे ब्लेड विकत घ्यायचंच नाही, एकच पातं रोज चामड्यावर परजायचं आणि कधीतरी दगडावर लावायचं. आयडिया झकास. पण ते चामडं इतक्या वर्षांत पापडासारखं वाळलेलं, आणि मला परजता येत नव्हतं ते वेगळंच, त्यामुळे पहिल्याच दाढीत तीन ठिकाणी कापलं आणि दोन दिवस ऑफिसात गालावर कापूस लावल्यासारखा फिरलो.

हे सांगायचं कारण म्हणजे सगळे नवीन लोक हीच चूक करतात, रेझर दिसला, आवडला, घेतला, आणि मग ब्लेड शोधत बसले. साध्या टी-आकाराच्या दुधारी रेझरचं बरं असतं, कुठल्याही किराणा दुकानात ब्लेड मिळतं आणि कुठलंही ब्लेड कुठल्याही रेझरला बसतं. सिंगल-एजमधे, म्हणजे एकाच बाजूला धार असलेल्या ब्लेडच्या रेझरमधे, तसं नाही, इथे चार-पाच वेगवेगळी घराणी आहेत आणि एकाचं ब्लेड दुसऱ्याला लागत नाही. म्हणून आधी ब्लेड ठरवा, मग रेझर.

पहिलं घराणं जेमचं. या मंडळींचा इतिहास जिलेटपेक्षा जुना आहे, न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी 1880 मधे स्टार नावाचा सेफ्टी रेझर काढला, त्यात वस्तऱ्याच्या पात्याचा छोटा तुकडा बसायचा आणि तोही परजावाच लागायचा. त्यानंतर जेम आणि एव्हर-रेडी आले, वापरून फेकायचं ब्लेड आलं, आणि ब्रुकलिनच्या अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीने हे रेझर ढिगाने विकले. ब्लेड म्हणजे एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला दुमडलेल्या पत्र्याचा जाड कणा. जाडी साधारण 0.23 मिलिमीटर, आपलं नेहमीचं दुधारी ब्लेड 0.1 च्या आसपास असतं, म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून ते वाकत नाही, थरथरत नाही, आणि दाट राठ दाढी असलेल्यांना हे एकदा आवडलं की ते परत मागे जात नाहीत.

दिसायला सेम असं एक ब्लेड हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं, काचेवरचा रंग खरवडायचं. ते तोंडाला लावू नका. त्याची धार त्या कामासाठी असते, त्यावर दाढीच्या ब्लेडवर असतं तसं कोटिंग नसतं आणि गाल असा सोलून निघतो की विचारू नका. पाकिटावर स्टेनलेस आणि कोटेड लिहिलेलं जेम ब्लेडच घ्यायचं. आपल्याकडे दुकानात मला ते कधी दिसलं नाही, मी न्यू जर्सीच्या भाच्याला सांगतो, तो दोन वर्षांतून एकदा येतो तेव्हा शंभरेक आणतो, आणि हो, त्याला आधीच बजावून ठेवा की ब्लेडं चेक-इनच्या बॅगेत टाकायची, हातातल्या बॅगेत सापडली तर सिक्युरिटीवाले काढून घेतात.

दुसरं घराणं इंजेक्टरचं. जेकब शिक नावाचा अमेरिकन लष्करातला अधिकारी, त्याने रायफलच्या मॅगझिनवरून डोकं चालवलं आणि 1926 मधे असा रेझर आणला की ब्लेडला हात लावायचाच नाही. ब्लेडांची एक चपटी पट्टी असते, तिचं टोक रेझरच्या बाजूच्या खाचेत घालायचं, वरची कळ सरकवायची, नवीन ब्लेड आत आणि जुनं दुसऱ्या बाजूने बाहेर. एवढं सुंदर मेकॅनिझम दाढीच्या सामानात दुसरं नाही असं माझं मत आहे. (याच माणसाने पुढे इलेक्ट्रिक शेव्हर पण काढला.) डोकं छोटं असल्यामुळे नाकाखाली आणि जबड्याच्या कोपऱ्यात हा रेझर जेमपेक्षा कितीतरी सोपा जातो.

मग जपानी फेदरचं आर्टिस्ट क्लब ब्लेड, मुळात सलूनमधल्या वस्तऱ्यासाठी बनवलेलं, आता ब्लॅकलँड व्हेक्टरसारखे नवे रेझर त्याच्यावर चालतात. धार भयानक आहे, हे कौतुक पण आहे आणि वॉर्निंग पण. त्यातलं प्रोगार्ड नावाचं ब्लेड येतं त्याच्या धारेवर बारीक तारेची राखण असते, सुरुवात त्याने करा. फेदरचंच अजून एक छोटं ब्लेड आहे एफएचएस-10, ते वनब्लेड नावाच्या महागड्या रेझरला लागतं, आणि गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप नावाच्या रेझरलाही बसतं. व्हॅलेटच्या डोक्यातून चामड्याचा पट्टा आरपार ओवता येतो, ब्लेड न काढता परजायची सोय.

आणि शेवटचं घराणं तर आपल्या नाक्यावरच आहे. सलूनमधला कारागीर काय करतो बघितलंय ना, दुधारी ब्लेड कागदातून काढत नाही, कागदासकट मधोमध लांबीतून दुमडतो, टक्क आवाज येतो, दोन तुकडे, त्यातला एक वस्तऱ्यात सरकवतो. ते अर्धं ब्लेड म्हणजे पण सिंगल-एजच की. लीफ कंपनीचा ट्विग नावाचा रेझर अशाच अर्ध्या ब्लेडवर चालतो, टोपाझ, सेव्हन ओक्लॉक, जे घरात असेल ते. भारतात राहून ब्लेडची काळजी न करता सिंगल-एज वापरायचा असेल तर हाच मार्ग, पण जाड ब्लेडचं ते सुख यात नाही, शेवटी ब्लेड पातळच आहे.

आता समजा ब्लेडची सोय झाली आणि जुना रेझर घ्यायचा. माझा सल्ला, पहिला जुना रेझर जेम मायक्रोमॅटिक घ्या. 1930 च्या सुमाराला आला, भरपूर बनला, म्हणून अजूनही मिळतो आणि अख्खा धातूचा असल्यामुळे सहसा मरत नाही. मुठीच्या तळाशी चकती असते, ती फिरवली की डोक्याचं झाकण उघडतं, ब्लेड सरकवायचं, उलटी फिरवायची, झाकण बंद. सुरुवातीच्या मॉडेलला पुढे दात आहेत, कंगव्यासारखे, तो जरा अंगावर येणारा आहे, नंतरच्या क्लॉग-प्रूफ नावाच्याला सरळ पट्टी आहे, तो जास्त समजूतदार. त्याहून जुना हवा असेल तर एव्हर-रेडी 1912, त्यात झाकण हाताने उचलून ब्लेड ठेवायचं, बिघडायला काही नाहीच. रेझरवर साल कोरलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका, ते बहुतेक पेटंटचं असतं, तुमच्या हातातला नग त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला असू शकतो.

मुंबईला चोर बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात असले नग क्वचित येतात, इथे बहुतेक दुधारीच सापडतात, आणि साहेबाच्या कृपेने रोल्स. (रोल्सवाली कंपनी पुढे वॉशिंग मशीनच्या धंद्यात पडली आणि 1964 मधे बुडाली.) बाकी ऑनलाइन. ऑनलाइन घेताना सेलरने टाकलेले तीन सुंदर फोटो बघून भाळू नका, त्याला सांगा झाकण उघडून समोरून फोटो पाठव. बघायचं काय, तर डोक्याच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक आडकाठ्या असतात, ब्लेड मागून स्प्रिंगने पुढे ढकललं जातं आणि धारेचे दोन कोपरे त्या आडकाठ्यांना टेकून थांबतात. त्यातली एक वाकली किंवा झिजली की ब्लेड तिरकं बसणार, मग रेझर कितीही चकाचक असो, शोकेसमधे ठेवायच्या लायकीचा. मग मागची स्प्रिंग आहे का, दात सरळ आहेत का, झाकण पूर्ण मिटतं का. प्लेटिंग गेलेलं चालतं. डाग चालतात. वाकलेलं चालत नाही.

साफसफाईत मी माती खाल्ली आहे ती तुम्ही खाऊ नका. सोनेरी मुलाम्याचा मायक्रोमॅटिक आला होता, काळवंडलेला, मी देवाची भांडी घासायची पावडर घेतली आणि बसलो घासत. दहा मिनिटांत लखलखीत झाला खरा, पण सोनं गेलं आणि खालचं पितळ लखलखत होतं. मुलामा कागदापेक्षा पातळ असतो हो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, यातलं काहीही नको. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, अर्धा तास भिजवा, मग जुन्या मऊ टूथब्रशने सांधे आणि दात साफ करा, साबणाचे साठ-सत्तर वर्षांचे थर असे काही निघतात की पाणी दुधासारखं होतं. धुवून कोरडा केला की सर्जिकल स्पिरिटमधे बुडवून काढा, कोणाच्या तोंडाला लागलेला आहे आपल्याला काय माहीत. बेकेलाइटची, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लॅस्टिकची मूठ असेल तर कढत पाण्यात टाकू नका, आणि स्पिरिट तिला कापसानेच पुसा.

आता दाढी. ब्लेड बसवलं की ट्यूबलाइटसमोर धरून धार आणि पट्टी यांच्यातली फट बघा, दोन्ही टोकांना सारखी पाहिजे. फेस नेहमीपेक्षा जरा ओला ठेवा, जेमला कोरडा फेस सहन होत नाही, अडकतो.

दुधारीची सवय असेल तर हात आपोआप त्याच कोनात जातो, तीच गडबड. जेमचं डोकं वरून सपाट असतं, ती सपाट बाजू गालावर पूर्ण टेकवा, अगदी इस्त्री ठेवल्यासारखी, मूठ त्या वेळी गालापासून बरीच लांब बाहेर आलेली असेल, विचित्र वाटेल, वाटू द्या. तिथून मूठ थोडी थोडी खाली घ्या आणि हलकेच सरकवा. एका ठिकाणी खर्रर्र असा आवाज सुरू होईल, सुक्या नारळाच्या करवंटीवर नख ओढल्यासारखा. तो आवाज आला की कोन सापडला, मूठ तिथेच ठेवा. आवाज बंद झाला तर कोन सुटला, आवाज येतोय पण जळजळतंय तर मूठ फार खाली गेली. माझे पंखा बंद, नळ बंद करून पहिले पंधरा दिवस गेले, फक्त तो आवाज ऐकायला. दाब अजिबात द्यायचा नाही, रेझर जड असतो, त्याच्या वजनाने चालू द्या. पहिला आठवडा फक्त सुलट मारा, उलटा हात मारायची खाज सुटली तरी दम धरा, मानेवर तर नक्कीच.

नाकाखाली जेमचं एवढं मोठं डोकं जात नाही, नाकाला अडतं. नाकाचा शेंडा बोटाने वर उचला, वरचा ओठ दातांवर खाली ताणा आणि दोन्ही बाजूंनी तिरके छोटे छोटे हात मारा. मिशीवाल्यांचा हा त्रासच वाचला.

दाढी झाल्यावर गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी हा फुकटातला मास्तर आहे, जिथे चुरचुरलं तिथे तुम्ही दाब दिलात. मला सुरुवातीला डाव्या जबड्याखाली रोज चुरचुरायचं, तेव्हा कळलं की त्या बाजूला माझं मनगट वळतच नाही, हात बदलला, प्रश्न संपला.

जेम ब्लेड मला सहा-सात दाढ्या जातं, फेदरचं दहाच्या पुढे, तुमची दाढी राठ असेल तर कमी जाईल, ओढायला लागलं की बदला, कंजूसपणा तोंडावर दिसतो. रोज झाल्यावर रेझर उघडून धुवा, झटका, धार टॉवेलला पुसू नका. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो बाथरूमबाहेरच ठेवा, जुन्या साठ्यातली कार्बन स्टीलची ब्लेडं मिळाली तर ती एका रात्रीत गंजतात.

आणि वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत तसंच टाकू नका, कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जातं ते. मी पावडरच्या रिकाम्या डब्याला झाकणात चीर पाडली आहे, ब्लेडं त्यात, डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वर लाल मार्करने ब्लेड असं मोठ्या अक्षरात लिहून सुक्या कचऱ्यात वेगळा हातात देणार आहे. चार वर्षं झाली, पहिला डबा अजून अर्धाच भरलाय.