आधी बॅटरी, मग गिझर

प्रतापनगरात आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचे सोलर पॅनल आहेत, जिन्याखाली ५ युनिटची बॅटरी. मागच्या डिसेंबरात सकाळी दहालाच गिझर लागायचा, बॅटरी अर्धीच भरायची आणि रात्री लाइट गेली की आईचं नेब्युलायझर अडायचं. तेव्हापासून क्रम पक्का केला.

टायमरच्या भरवशावर राहू नका, त्याला ढग कळत नाहीत. पॅनल, बॅटरी आणि बाहेरची लाइट तिन्ही सांभाळणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट लोड' किंवा 'ड्राय कॉन्टॅक्ट' शोधा, म्हणजे बॅटरी किती भरली ते पाहून उपकरण चालू-बंद करायची सोय. बॅटरी ९५ टक्के झाली की गिझर चालू, ८५ वर आली की बंद. दोन आकड्यांत एवढं अंतर हवंच, नाहीतर गिझर सारखा चालू-बंद होतो. आणि इन्व्हर्टरच्या इवल्याशा रिलेवर (आतल्या छोट्या स्विचवर) गिझर थेट जोडू नका! २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो. मध्ये २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोड पेलणारा स्विच, बसवा, तोही जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच.

पाण्याची चिंता नको. २५ लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला जेमतेम ०.९ युनिट लागतं. आम्ही अंघोळी संध्याकाळवर नेल्या, दुपारी तापलेलं पाणी तोवर छान गरम असतं.

एप्रिल-मे महिन्यांत गिझरची लाइन बंदच ठेवा. गच्चीवरच्या टाकीचंच पाणी चटके देतं, ती वीज रात्रीच्या कुलरला लागते.