दिवाळीची साफसफाई काढताय आणि घरात दम्याचा पेशंट आहे? मग ही तयारी आधी करा

दिवाळीत दमा वाढला की सगळे फटाक्यांना नावं ठेवतात, पण कितीतरी घरात छाती वाजायला लागते ती त्याच्या आधीच, माळा उपसला, गाद्या झटकल्या, भिंतींना रंग दिला त्या आठवड्यात. आमच्याकडे धाकट्याला दमा आहे त्यामुळे दिवाळीचं काम आम्ही नवरात्रातच थोडं थोडं सुरू करतो, आणि सुरुवात झाडूने नाही तर औषधांच्या डब्याने करतो.

तर आधी औषधं बघा. रोजचा पंप (इनहेलर) म्हणजे श्वासनळीची सूज कमी ठेवणारा, आणि त्रास झाला की घ्यायचा तो, दोन्ही पंपांवरची एक्सपायरी आणि काउंटर बघा, किती डोस उरलेत ते. खूप जण बरं वाटतंय म्हणून पावसाळ्यानंतर रोजचा पंप परस्पर बंद करतात आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी परत सुरू करतात, पण त्याचा पूर्ण फायदा दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, त्यामुळे डॉक्टरकडे आत्ताच जाऊन या. "पंपाची सवय लागते" हे अजूनही नातेवाईक सांगतात, तर काकूंना शांतपणे सांगा की पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं, गोळीपेक्षा किती कमी लागतं ते, आणि पंप घेतल्यावर चूळ भरली की तोंड येण्याचा त्रासही कमी होतो. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा, फडक्याने आतून पुसू नका, पुसलं की आत स्टॅटिक तयार होतं आणि औषध प्लास्टिकलाच चिकटून बसतं.

मग झोपायची खोली, हॉल किचन नंतर. पेशंट दिवसातले आठ तास तिथे तोंड उशीत घालून असतो आणि धुळीतले माइट्स, म्हणजे ॲलर्जी करणारे बारीक किडे, नेमके गादी-उशीतच राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत भरपूर वाढतात. चादरी, अभ्रे, पांघरुणं आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा, मशीनला 60 डिग्रीचं सेटिंग असेल तर तेच लावा, थंड पाण्यात माइट्स मरत नाहीत. गादी-उशीला चेन असलेली माइट-प्रूफ कव्हरं मिळतात, सगळ्या घराला घ्यायची गरज नाही, पेशंटच्या गादीला घ्या. टेडी वगैरे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग धुवा, नुसतं फ्रीजरमध्ये ठेवून भागत नाही कारण मेलेले माइट्स आणि त्यांची घाण आतच राहते. आणि गादीवाला खाली कापूस पिंजायला बसणार असेल तर त्या दिवशी पोराला मावशीकडे पाठवून द्या.

खरं तर माळा काढायच्या दिवशीही पेशंट घरात नकोच, आणि काम झाल्यावर एक-दोन तास खिडक्या उघड्या ठेवून मगच त्याला घरात घ्या. आई स्वतःच पेशंट असेल तर माळ्यावर चढायचं काम तिचं नाही, हे घरातल्या बाकीच्यांनी ठरवायचं, तिने सांगायची वाट बघू नका. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, पंख्याची पातीसुद्धा. खिडकीत कबुतरांची घाण सुकलेली असेल तर आधी पाणी शिंपडून ओली करा, मास्क लावा, मग काढा.

किचनमध्ये झुरळं बघा. सिंकखाली, डब्यांच्या मागे मिऱ्याच्या भरडीसारखे काळे कण दिसतात ना ती त्यांची विष्ठा, त्याचीही दम्याच्या बऱ्याच पेशंटना ॲलर्जी असते, म्हणजे झुरळं मारली तरी हे पुसून काढावंच लागतं. स्प्रे मारू नका, त्याच्या वासानेच खोकला सुटतो, जेल लावा, पाइपाच्या भोवतीची भोकं बुजवा आणि रात्री खरकटी भांडी ठेवू नका. बाथरूम चकाचक करायच्या नादात ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र टाकू नका, क्लोरीन वायू निघतो, तो धडधाकट माणसालाही बाधतो.

भिंतीला ओल असेल तर रंगाआधी गळती काढा. ओलीवर रंग मारला की बुरशी आतल्या आत वाढते आणि पोपडे घेऊन परत येते. रंग द्यायचाच असेल तर कमी वासाचा घ्या आणि दिवाळीच्या बऱ्याच आधी उरका.

आता धूर. मच्छर कॉइल आजपासून बंद. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते, आणि आपण ती बंद खोलीत मुलाच्या उशाशी लावतो! जाळ्या बसवा, मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूपाचा विषय घरात नाजूक असतो हे मला माहितीये, सासूबाईंना "बंद करा" म्हणून चालत नाही, पण आमच्याकडे "आई, तुपाचं निरांजन लावूया का, धुराने ह्याला रात्रभर झोप लागत नाही" असं म्हटल्यावर त्यांनीच उदबत्तीचं घर उचलून ठेवलं. चकल्या तळताना एक्झॉस्ट चालू, मिरचीची फोडणी पडताना पोरगं दुसऱ्या खोलीत. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बाल्कनीत जाऊन ओढली तरी कपड्यांवर ती घरात येतेच, इथे माझ्याकडे मधला मार्ग नाही.

फटाक्यांचं एक आवर्जून सांगायचंय. "आवाजाचे नकोत, लहान मुलांचे साधेच आणलेत" म्हणून नागगोळ्या आणि फुलबाज्या दिल्या जातात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण निघाले नागगोळीतून, हजाराच्या माळेपेक्षाही जास्त, आणि फुलबाजीतून भुईनळ्यापेक्षा जास्त. शिवाय मूल त्याच्यावर वाकून उभं असतं. तर दम्याच्या मुलाच्या हातात ह्यातलं काही देऊ नका, आकाशकंदील करायचं काम त्याला द्या.

फ्रीजवर एक कागद चिकटवा, त्यावर त्रास झाला तर कोणता पंप किती वेळा ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, खाली 108. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही उतार नसेल तर बसतं करून पंप देत देत थेट हॉस्पिटल, "सकाळी बघू" नाही.

आणि भाऊबीजेला गावी जाणार असाल तर पंप आणि स्पेसर हातातल्या पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नाही, सोबत स्वतःची धुतलेली उशी आणि पांघरूण, आणि मामाला दोन दिवस आधी फोन करून सांगा की पेटीतल्या गोधड्या आम्ही यायच्या आधीच धुवून उन्हात घाल, आम्ही आल्यावर झटकू नकोस.