गिझरवर 'ई१' आलं तेव्हा

आमच्या वर्तकनगरच्या घरी पाइप गॅसवरचा गिझर आहे. डिस्प्लेवर एरवी ४२-४५ दिसतं; ते पाण्याचं तापमान, बिघाड नव्हे. परवा पहाटे 'ई१' आलं. टकटक व्हायची, पण ज्योत काही धरेना. आमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत अर्थ सापडला: बर्नर पेटला नाही. (कंपनीगणिक अर्थ बदलतो, पुस्तिका टाकू नका.)

आधी गॅसचा कॉक बंद केला, गॅसचा वास येत नाही ना ते पाहिलं. मग ठिणगीसाठी लागणारे, खालच्या कप्प्यातले दोन मोठे सेल काढले. एकाच्या टोकाला पांढरी पूड साचलेली. सेलला टेकणारी धातूची पट्टी कोरड्या फडक्याने पुसून नवे सेल बसवले, कॉक उघडला, नळ सोडला. निळी ज्योत!

झाकण मी उघडत नाही, ते मेकॅनिकचं काम. आणि गॅस गिझर बंद बाथरूममध्ये कधीच नको. गॅस जळताना तयार होऊ शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आमचा बाहेर बाल्कनीत आहे.